कप्तान छत्तीस वर्षांचा

गणिताच्या पुस्तकात राहणारी माणसं मला फार आवडतात. तिथला रमेश बाजारात जाऊन 144 केळी घेऊन येतो आणि घरात एकजणही विचारत नाही की बाबा रे, एवढी केळी कशाला? तिथल्या दुकानदाराकडे सुट्टे पैसे कायम असतात. बाईंनी 36 गोळ्या आणल्या की वर्गात नेमकी 9 मुलं हजर राहतात, त्या दिवशी कुणाला ताप येत नाही. बापाने जमीन ठेवली तर चौघा भावांत ती समान वाटली जाते आणि कुणी कोर्टात जात नाही. शेतकऱ्याचा तर हेवा करावा. तो 45 क्विंटल कांदा नेतो, सगळ्या कांद्याला एकच भाव मिळतो आणि हमाली-तोलाई काहीही न कापता रोख रक्कम त्याच्या हातात पडते. लासलगावच्या आसपासची मुलं हे उदाहरण न हसता कशी सोडवतात कोण जाणे.

गणिताच्या पुस्तकातल्या या गावात माझं जाणं-येणं वाढलं ते भाचीमुळे. ती तिसरीत आहे. मी बँकेत होतो, म्हणजे मला गणित येत असणार, असा ताईचा समज आहे. बँकेत गणित यंत्र करतं आणि माणसं फक्त सह्या करतात, हे मी तिला सांगितलेलं नाही. त्यामुळे शाब्दिक उदाहरणं माझ्याकडे आणि परिसर अभ्यास तिच्याकडे, अशी खातेवाटणी झाली.

पहिलंच उदाहरण असं : रमेशने 25 पेरू आणले. त्यांतले 8 पेरू मित्रांना दिले. तर रमेशकडे किती पेरू उरले?

“मित्र किती होते?”

“ते दिलेलं नाही.”

“मग एकेकाला किती मिळाले, ते कसं कळणार?”

“ते विचारलेलंच नाहीये.”

“आणि रमेशने स्वतः एकही नाही खाल्ला?”

आता पंचवीस पेरू घरापर्यंत आणताना एकही न खाणारा मुलगा मीसुद्धा पाहिलेला नाही. पण घड्याळात साडेआठ झाले होते आणि स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, “उरले असं लिहिलंय ना? मग वजाबाकी कर.” तिने केली. सतरा. पण नुसतं सतरा लिहून भागत नाही. ‘रमेशकडे 17 पेरू उरले’ असं वाक्य लिहावं लागतं, नाहीतर अर्धा गुण जातो.

‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘प्रत्येकी’ दिसलं की गुणाकार, ‘समान वाटले’ म्हटलं की भागाकार. हा गुरुमंत्र शिकवणीच्या बाईंपासून शेजारच्या आजोबांपर्यंत सगळेच देतात, आणि दहापैकी आठ वेळा तो लागूही पडतो. त्याची फजिती करायला एक साधी गोटी पुरते. राजूकडे 8 गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा 3 ने जास्त आहेत. मीनाकडे किती? मंत्र पाठ असलेलं पोर ‘जास्त’ पाहतं आणि झोपेतसुद्धा अकरा म्हणतं. ज्याने नीट वाचलंय, म्हणजे राजू शेजारी बसून आपल्या गोट्या मिरवतोय आणि मीना जरा हिरमुसली आहे हे ज्याला दिसलंय, ते पोर पाच म्हणतं. मंत्राचा खरा उपयोग गोष्ट वाचायची टाळण्यासाठी आहे.

या टाळण्याची हद्द फ्रान्समध्ये गाठली गेली. ग्रनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी 1980 च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं, “एका बोटीवर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत. तर कप्तानाचं वय किती?” 97 मुलांपैकी 76 जणांनी आकड्यांची उलथापालथ करून वय काढून दिलं. ही थट्टा त्याहून जुनी. कादंबरीकार फ्लोबेर यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या बहिणीला पत्रातून असलंच एक गणित घातलं होतं. त्यात जहाजाचं, मालाचं, वाऱ्याचं सविस्तर वर्णन आणि शेवटी कप्तानाच्या वयाची पृच्छा. 2018 साली चीनमधल्या एका जिल्ह्यात पाचवीच्या परीक्षेत तेच मेंढ्या-शेळ्यांचं गणित आलं. मुलांनी प्रश्न तपासून पाहावा, असा शिक्षण खात्याचा हेतू होता म्हणे. त्यावर इंटरनेटवर एका चिनी गृहस्थांनी जनावरांचं वजन काढलं, तेवढा माल वाहायला किती वर्षांचा परवाना लागतो ते पाहिलं आणि कप्तान निदान 28 वर्षांचा असलाच पाहिजे असा निकाल दिला. अशा माणसाच्या हाती मी डोळे मिटून बँक सोपवेन.

हे गणित भाचीला घालायचा मोह मला आवरला नाही. तिने पेन्सिलीचं मागचं टोक चावलं, बोटं मोडली आणि छत्तीस म्हणाली.

“कसं काय?”

“सव्वीसातून दहा गेले सोळा. सोळा वर्षांच्या मुलाला बोट देत नाहीत. गुणाकार केला तर दोनशेसाठ, म्हणजे तो मेलाच असेल. भागाकार केला तर बाकी उरते. मग छत्तीस.”

सांगा, हिला गुण द्यायचे की नाहीत? प्रश्नातच गडबड आहे, अशी शंका तिला आली नाही, पण कप्तान जिवंत असावा एवढी काळजी तिने घेतली. शंका का आली नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, “पुस्तकात देतात त्याला उत्तर असतंच.” या श्रद्धेपुढे काय बोलणार?

मोठ्यांना वाटतं, मुलांना आकडे जमतात आणि गोष्ट आडवी येते. मला उलट वाटतं. टॉम हडसन नावाच्या अभ्यासकाने 1983 मध्ये लहान मुलांना चित्रातले पाच पक्षी आणि तीन अळ्या दाखवल्या. “अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त आहेत?” असं विचारल्यावर बरीच मुलं गोंधळली. मग त्याने विचारलं, “सगळे पक्षी झेपावले आणि प्रत्येकाने एकेक अळी पकडायची ठरवली, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?” बहुतेक सगळी म्हणाली, दोन. उपाशी कोण राहणार हे कळायला मुलांना वजाबाकी शिकवावी लागत नाही.

आपल्याकडे हे भास्कराचार्यांना ठाऊक होतं असं मला वाटतं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात 1207 सालचा एक शिलालेख आहे. आचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला आणि राजाकडून त्याला इनाम मिळालं, असं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातली गणितं खानदेशातल्या पोरांनी आठशे वर्षांपूर्वी सोडवली असणार. त्या गणितांत केळी-पेरू कमी. राजहंस आहेत, कमळं आहेत, भुंग्यांचे थवे आहेत. एका थव्याचा पाचवा हिस्सा कदंबाकडे गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राकडे, त्या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या फुलांकडे. एक भुंगा राहिला, तो केतकी आणि मालतीच्या वासामध्ये घुटमळतोय. तर थवा केवढा?

अपूर्णांक नकोत म्हणून मी ते उलटं करून सांगितलं. डब्यातले पंधरा चिंचोके सतरंजीवर ओतले, ते भुंगे. तीन कदंबावर, पाच शिलींध्रावर, सहा कुड्यावर. उरले किती? ‘उरले’ शब्द येण्याआधीच ती एका चिंचोक्याकडे बघत होती.

“मामा, हा कुठे गेला?”

“आचार्यांनी सांगितलेलं नाही.”

“मग मी ठरवते.” आणि तिने वहीत लिहिलं : उत्तर : 1 भुंगा उरला पण त्याचं अजून ठरत नाही.

जेवण झाल्यावर तिने आणखी एक मागितलं. मी मोर आणि सापाचं सांगितलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ आहे, साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे सरपटत येतोय. मोर तिरपा झेपावला. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

“सांग ना, किती?”

“त्याला पायथागोरस लागतो. सातवीत शिकवतील तुला.”

“सातवीत?” ती ओरडली. “तोपर्यंत साप बिळात जाऊन झोपेल की!”