कलेजीचा अज्ञातवास

थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या पोटात एक छोटी कागदी पिशवी असते. तिच्यात कलेजी, पेटा, दिल आणि मान. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की लुइझियानातल्या आमच्या लाफायेत गावात मी ऑफिसातल्या मंडळींकडे या पिशव्यांचा जोगवा मागतो. देणारे सगळे मिनेसोटा-ओहायोकडून नोकरीला आलेले. पिशवी दोन बोटांत धरून, तोंड फिरवून देतात. अस्सल केजन माणूस मात्र देत नाही. त्याच्या घरी तिचा डर्टी राइस होतो.

बरोबरच आहे. १७५५ पासून ब्रिटिशांनी नोव्हा स्कोशियातून ज्या फ्रेंच भाषक अकेडियनांना हुसकावलं, त्यांचे हे वंशज. घरदार गेलेला माणूस पेटा कशाला टाकून देईल? शिवाय मुलूख भाताचा. जवळच्या क्राउली गावात १९३७ पासून तांदळाचा उत्सव भरतो.

या विद्येतले माझे गुरू म्हणजे शेजारचे म्हातारबुवा. लाडाने मला ‘शा’ म्हणतात. माझ्या बायकोलाही शा, आणि त्यांच्या कुत्र्यालाही. त्यांच्या हाताखाली कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची चिरायचा मान मला मिळाला. या तिघांना इथे ‘पवित्र त्रिमूर्ती’ मानतात. आमच्या आजीच्या चातुर्मासात ज्या कांद्याला घरात थारा नव्हता, तो इथे थेट देव्हाऱ्यात!

पेटा, दिल आणि मान तमालपत्र घालून मऊ होईपर्यंत शिजवायची. कलेजी अगदी शेवटी, नाहीतर तिची रवाळ माती होते. मानेचं मांस सोडवून सगळं बारीक चिरायचं, पाणी जपून ठेवायचं. मग बिडाच्या कढईत थोडा डुकराचा खिमा परतून त्यात ही चिरलेली मंडळी सोडायची. खरी परीक्षा इथे. खिमा बुडाला धरायला लागला की मराठी हात आपोआप उलथन्याकडे जातो. “हात लावू नको, शा!” बुवा गरजतात. लागू द्यायचं, चांगलं तपकिरी होऊ द्यायचं, मग ते जपलेलं पाणी ओतून बूड खरवडायचं. सगळी चव त्या खरवडीत. नंतर त्रिमूर्ती, लसूण, लाल तिखट, मिरपूड. शेवटी कालचा मोकळा भात आणि वर कांद्याची पात.

व्हिडिओ कॉलवर आईने कढईत डोकावून पाहिलं. “कलेजी कुठेय?”

“भातात आहे.”

“दिसत नाहीये.”

“दिसू द्यायची नसते.”

आई गप्प झाली. आमच्या घरी रविवारी कलेजी आधी वेगळी परतून ताटलीत यायची आणि तिच्यावरून भावाभावांत हाणामारी व्हायची. अशा मानकऱ्याला भातात तोंड लपवून बसवणं तिला पटलं नाही. पण अमेरिकन माणसाच्या पोटात शिरायचं तर कलेजीला अज्ञातवास भोगावाच लागतो.

पुरावा त्याच संध्याकाळी जेवायला आला. मिनेसोटाचा सहकारी, पिशवी देणाऱ्यांपैकीच एक. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्याने विचारलं, “यात आहे तरी काय?”

“तांदूळ,” बुवा म्हणाले.

उरलेला भात तो माझ्या स्टीलच्या डब्यातून घेऊन गेला. डबा अजून आलेला नाही. आई म्हणते, रिकामा कसा द्यायचा म्हणून बिचारा अडला असेल.