राधानगरला सूर्य पाचलाच बुडतो

"अहो वहिनी, चांगल्याच रापलात की! राधानगरीला गेला होतात म्हणे?"

"राधानगरी नव्हे हो ताई, राधानगर. धरण नाही तिथे, समुद्र आहे. अंदमानातलं हॅवलॉक बेट, त्याचा पश्चिमेचा किनारा."

"हां हां, सावरकरांचं अंदमान!"

"सावरकर होते पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलात. आपली माणसं तिथे जातात, कोठडीपुढे हात जोडतात, डोळे पुसतात. जायलाच हवं. पण मग हे पॅकेजवाले हॅवलॉकला एक रात्र टेकवतात आणि दुसऱ्या दिवशी उचलून आणतात. आधी खाजगी बोटीने दीड तास, सरकारी असली तर अडीच. पोचलं की खोली, खोलीनंतर जेवण, जेवणानंतर राधानगर. आणि पाचला सूर्य गायब!"

"पाचला?"

"डिसेंबरात पाचलाच. बेटं पार ब्रह्मदेशाच्या खाली, घड्याळ मात्र आपलंच. इथे आपण दुपारच्या चहाचं आधण ठेवतो, तेव्हा तिथे ऊन उतरायला लागतं. आमच्या हॉटेलातली दोन कुटुंबं निवांत आवरून साडेपाचला किनाऱ्यावर पोचली. अंधारात फोटो काढून परत! सूर्य बघायचा तर तीनलाच निघायला हवं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं."

"पण किनारा खरंच तेवढा छान? की नुसतीच जाहिरात?"

"नाही हो, तो खरा. 'टाइम' मासिकाने 2004 साली आशियातला उत्तम किनारा म्हणून त्याचं कौतुक केलं होतं. मागे उंचच उंच झाडांचं जंगल, पुढे पिठासारखी वाळू. एक टपरी नाही वाळूवर. आपल्या अलिबागला घोडागाडी आणि भेळ, ती मजा वेगळी. तिथे करायला काही नसतं आणि तेच बरं वाटतं."

"गावं कोणाची मग? आदिवासींची?"

"बंगाल्यांची. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे वसवलं. गावांची नावं बघा ना, गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर, श्यामनगर. सगळा गोकुळाचा कारभार. बोलतात मात्र आपल्याशी हिंदीत. नुसत्या मोहरीच्या तेलातल्या मासळीसाठी मी परत जाईन. बेटाचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप झालंय, पण आम्हाला भेटलेले रिक्षावाले हॅवलॉकच म्हणत होते. हॅवलॉक म्हणजे 1857 मध्ये कानपूर-लखनौला आपल्या लोकांविरुद्ध लढलेला इंग्रज सेनापती! नाव बदललं ते उत्तमच झालं."

"ते राहू द्या. पाण्याखाली गेलात का तेवढं सांगा. कोपऱ्यावरच्या बंगल्यातून कळलं की भाऊजी घाबरून वर आले."

"घाबरले कसले! ऐका. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकवतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केलं की 'ठीक आहे'. अंगठा वर केला की 'मला वर न्या'. खाली गेल्यावर यांना भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश दिसला, तो समुद्रफुलाच्या झुबक्यात लपतो ना, तो. हे खूश होऊन अंगठा दाखवतात, वा म्हणून! डायव्हिंगला सोबत असलेल्या पोराने लगेच वर आणलं. पुन्हा खाली, पुन्हा मासा, पुन्हा अंगठा."

"अगंबाई! आणि तुम्ही?"

"मला वेगळंच. श्वास तोंडाने घ्यायचा. इतकी वर्षं योगाच्या वर्गात बाई ओरडतायत, नाकाने, नाकाने! ती सवय मोडायला वेळ लागला. शिवाय खाली जाताना कान दुखतात, मग नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, की कान मोकळा. पोहता येत नसलं तरी चालतं, पोरगं पाठीमागून धरूनच असतं. पहिल्या वेळी बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. मात्र दमा, हृदयाचं दुखणं, रक्तदाब, सगळं अर्जात खरं लिहायचं. तिथे लपवाछपवी करायची नाही."

"आपल्या तारकर्लीला पण करतात की."

"करतात, आणि चांगलं करतात. पण पाण्याच्या नितळपणात हॅवलॉक पुढे. आणि प्रवाळ! अर्थात सगळं रंगीत नाही हं. 2010 साली समुद्र फार तापला होता, तेव्हा बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं. राखाडी ढिगारेही दिसतात मधूनमधून. जाहिरातीत ते नसतं. पॅरटफिश म्हणून एक मासा असतो, चोचीने प्रवाळ कुरतडतो आणि मागून वाळू सोडतो. अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा."

"शी! म्हणजे तुम्ही त्यावर लोळलात?"

"लोळलो, आणि चादर अंथरून शहाळंही प्यायलो. त्रास झाला तो वाळूतल्या बारक्या माश्यांचा. पायाला खोबरेल चोपडून जा, नाहीतर आठवडाभर खाजवत बसाल. हे बघा, अजून डाग आहेत."

"शंखशिंपले आणलेत का काही? कोपऱ्यावरच्यांच्या शोकेसमध्ये बघितलंत ना केवढं प्रवाळ आहे…"

"कुठून आलं ते मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. प्रवाळ उचलणं कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासताना काढून घेतात. आम्ही काहीच उचललं नाही."

"आमच्या यांनीही काल फेब्रुवारीचं बुकिंग केलं. पाच रात्री. चार पोर्ट ब्लेअरला, एक हॅवलॉकला. शेवटच्या दिवशी सकाळी डायव्हिंग, दुपारची बोट, आणि रात्री विमान."

"अहो, असं कोणी केलं? डायव्हिंग केल्यावर अठरा ते चोवीस तास तरी विमानात बसायचं नसतं. अंगात नायट्रोजन मुरलेला असतो, वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. तुमच्या पॅकेजवाल्याला हे ठाऊक नसेल तर तो काय कामाचा? आजच्या आज फोन करा. पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री काढायला सांगा, हॅवलॉकच्या तीन करा, आणि पाण्याखाली पहिल्याच सकाळी जा. जमत नाही म्हणाला तर पैसे परत मागा आणि दुसरा बघा."