हस्कीचं स्वागत
कोथरूडच्या एका वन बीएचकेत हस्कीचं पिल्लू येतंय. कुटुंबाचं हार्दिक अभिनंदन. सायबेरियात बर्फावर गाडी ओढणाऱ्या जातीला पुण्याचा एप्रिल सोसावा म्हणून हॉलमध्ये दीड टनाचा एसी बसला. आजोबा पंख्यावरच भागवतात, पण ते मूळचे सोलापूरचे; जात काटक. गादी ऑर्थोपेडिक, वाडगा स्टीलचा, रेनकोट गुलाबी. कांदा, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषारी, म्हणून सगळं वरच्या फळीवर गेलं. पार्वोची लस तेवढी राहिली. तिचा फोटो चांगला येत नाही. गादीचं रिकामं खोकं पार्किंगमध्ये टाकलं, तर तिथल्या गावठी कुत्रीने त्यात पिल्लं घातली. या घाणीविरुद्ध सोसायटीने तातडीची सभा बोलावली आहे. अध्यक्षस्थानी अर्थातच हस्कीचे पप्पा.