सर्व्हेवाले सर

एका संस्थेला कर्नाटकातल्या औराद तालुक्यात काम सुरू करायचं होतं. पैसे देणाऱ्यांची अट होती की लोकांना कोणत्या सेवा हव्यात ते आधी समजून घ्या. या कामावर माझी नेमणूक झाली, कारण अर्जात मी 'कन्नड लिहिता-वाचता येते' असं ठोकून दिलं होतं. बिदरकडच्या मराठी घरांतली ही जुनी थाप. बसची पाटी वाचता आली की आम्ही स्वतःला पंडित समजतो.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, 'आपल्या परिसरात सामुदायिक सेवांची मागणी कशी आहे? तीव्र, मध्यम, अल्प.' पारावरच्या आजीनं तो शांतपणे ऐकला. म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. तुज्या पिशवीत काय हाय ते सांग. शिलाई मशीन असंल तर तीव्र लिव."

मग बचत गटाच्या, म्हणजे इथल्या भाषेत 'संघा'च्या बायका. बिदरच्या जिल्हा सहकारी बँकेचं नाव महिला गटांना कर्ज देण्यात देशभर झालेलं. या बायका हिशेबात मुरलेल्या. मी फॉर्म उघडला आणि जबाब माझाच सुरू झाला. पैसा कुणाचा? किती सालाचा? तो सरल्यावर तुम्ही कुठं? संस्थेची नोंदणी दाखवा. शेवटचं उत्तर देताना मला पाणी मागावं लागलं. जाता जाता एकीनं विचारलं, "सर, कर्नाटकात आमाला बस फुकट, महाराष्ट्रात एसटीला निम्मं तिकीट. उदगीरच्या दवाखान्याला जायाला उरलेलं निम्मं तुमची संस्था देती का?" दोन्ही सवलती २०२३ पासूनच्या. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

खरी फजिती दुपारी झाली. सरांना कन्नड येतं ही बातमी गावात पसरली, आणि लोक कागद घेऊन यायला लागले. २००० सालच्या सुमारास 'भूमी' योजनेत जमिनीच्या नोंदी संगणकावर गेल्या. तेव्हापासून पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, छापून मिळते, पण कन्नडमध्ये. बँकेची नोटीसही कन्नडमध्येच. एका म्हाताऱ्यानं तर निजामाच्या काळचा पिवळा कागद पुढे केला. मी तो गंभीरपणे न्याहाळला. "सर, उलटा धरलाव," तो म्हणाला. कागद उर्दूत होता. सुलटा धरूनही काही फरक पडला नसता.

पहाणीवर मालकाचं नाव मी जुळवत जुळवत वाचलं, तर बापाच्या जागी शेजारी आला आणि दोन भावकींत आवाज चढले. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी पुढे आली. शाळा मराठी, पण कन्नड विषय सक्तीचा. तिनं कागद घेतला आणि घडाघडा वाचला. नाव बापाचंच होतं. पाच मिनिटांत रांग तिच्यापुढे, आणि मी सावलीत फॉर्मनं वारा घेत बसलेलो.

अहवालात मी शिलाई प्रशिक्षणाला 'तीव्र' लिहिलं, कारण तेवढंच फॉर्ममध्ये बसत होतं. कागद वाचून देण्याची गरज 'इतर' या सदरात गेली. 'इतर' कुणी वाचत नाही.

तेव्हा औराद, भालकी, आळंदकडचे कुणी हे वाचत असाल, कन्नड खरोखर येत असेल आणि एखादी सकाळ मोकळी असेल, तर पंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसा. फॉर्म नेऊ नका, चष्मा न्या.