नाखवांची केवायसी

बँकेने नाखवांना मेसेज पाठवला होता: शाखेत यायची गरज नाही, घरबसल्या व्हिडिओ केवायसी करा. नाखवांच्या घरात रेंज येत नाही, म्हणून घरबसल्या काम करायला ते दिघीच्या जेटीवर आले होते. आगरदांड्याहून गाड्या घेऊन येणारी फेरीबोट, आमची जंगलजेटी, यायला अजून अवकाश होता. मी आयताच सापडलो.

लिंक उघडली. चौकट आली: कॅमेरा वापरू द्यायचा का? दिला. दुसरी चौकट माइकची. तोही दिला. खरं तर यातली प्रत्येक परवानगी दोनदा लागते. आधी फोनने ब्राउझरला द्यायची, मग ब्राउझरने बँकेच्या पानाला. तलाठ्याची सही झाली की सर्कलकडे जायची सवय असलेल्या आपल्या लोकांना त्यात वावगं काही वाटत नाही. नाखवा अडले ते तिसऱ्या चौकटीला. लोकेशन.

"मी कुठं बसलोय ते बँकेला कशाला?"

म्हटलं, नाखवा, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 2020 साली व्हिडिओवर केवायसी करायची मुभा दिली, तेव्हाच अट घातली की गिऱ्हाईक भारतातच बसलेलं पाहिजे.

नाखवांनी जंजिऱ्यापलीकडे नजर टाकली. "होडीत बसून केलं असतं, तर किती वाव पाण्यापर्यंत चाललं असतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि चौकटीकडेही. चौकट फक्त विचारते. तिला उलट विचारायची सोय कुणी ठेवलेली नाही.

जाळ्याच्या दोराने आणि खाऱ्या पाण्याने नाखवांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजल्यात. रेशन दुकानातलं यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. फोनची काच तर तो अंगठा आहे हेच मानत नाही. 'अनुमती द्या'वर टेकायला गेले की चौकटीच्या बाहेर लागायचा आणि चौकट गडप. तीनदा तेच. आता क्रोमचा एक शिरस्ता आहे: चौकट तीनदा उत्तर न देता बाजूला सारली, की आठवडाभर त्या पानाला पुन्हा विचारू देत नाही. लोकांना उगाच वैताग नको, हा त्यामागचा सद्हेतू. माणसाला नकार द्यायचा होता की त्याचा नेम चुकला, हे क्रोमला कसं कळणार?

उपाय आहे. वर पत्त्याच्या पट्टीत एक चिन्ह असतं, त्यावर दाबायचं. तिथे पूर्वी कुलूप असायचं. कुलूप दिसलं की लोक साइटच भरवशाची धरायचे, म्हणून 2023 मध्ये गुगलने ते काढलं आणि दोन आडव्या रेघांना दोन टिकल्या लावल्या. आता टिकल्या पाहून कुणी काहीच धरत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भर उन्हात त्या शोधायला सांगा, म्हणजे सुरक्षा किती कडेकोट आहे ते कळेल.

मी शोधल्या. कॅमेरा सुरू झाला. "डोळे मिचकवा." नाखवांनी मिचकवले. "डोळे मिचकवा." पुन्हा मिचकवले. त्यांचा उजवा डोळा पुरता मिटत नाही, त्यामुळे बँकेच्या लेखी ते जिवंत ठरेनात. नेमक्या या मिचकवण्याविरुद्ध अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध असलेले अमर जैन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 30 एप्रिल 2025 ला न्यायालयाने 20 निर्देश दिले; डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं. हे मी नाखवांना मोठ्याने वाचून दाखवलं. फोननेही ऐकलं असणार, माइक दिलाच होता. तो म्हणाला, "डोळे मिचकवा."

सुरक्षा नको का मग? दिघीकराला हे शिकवू नये. 1993 च्या जानेवारीत याच जेटीवर रात्री चोरटा माल उतरला. पुढे गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या. म्हणजे चौकट आली होती, तीही अगदी वेळेवर. पैशाची बोलणी झाली आणि कुणीतरी 'अनुमती द्या' दाबलं. मार्चमध्ये मुंबईत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्फोटांच्या खटल्यात त्या पोलिसांनाही शिक्षा झाली. कागद मात्र तेव्हापासून नाखवा दाखवतायत: होडीचा नंबर, खलाशांची नावं, 2008 च्या हल्ल्यानंतर बायोमेट्रिक कार्ड. अंगठा न उमटणाऱ्या माणसाचं बायोमेट्रिक कार्ड.

केवायसी झाली नाही. जंगलजेटी लागली, गाड्या उतरू लागल्या. उठता उठता नाखवा म्हणाले, "एका ठिकाणी मात्र माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला." वाऱ्याचा अंदाज बघायला त्यांनी कुठलीशी साइट उघडली होती. सूचना पाठवू का, असं तिने विचारलं. वादळाची खबर मिळेल म्हणून यांनी 'हो' केलं. फायरफॉक्सवाल्यांनी 2019 मध्ये मोजलं होतं, तेव्हा सूचनांच्या असल्या शंभर चौकटींतली जेमतेम एक मान्य होत होती. ती आमच्या नाखवांनी केली.

त्याच रात्री दोनला फोन वाजला. निसर्ग वादळात छप्पर गेलेला माणूस तो; वाचायला चष्मा शोधत बसला नाही. बॅटरी घेतली, जेटीवर गेला, होडीचे दोर पुन्हा आवळले, बाजूच्या दोन होड्यांचेही आवळले. वारा ठार पडलेला. घरी येऊन नातवाला उठवलं आणि वाचायला लावलं.

"आजोबा, तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस सापडलेत म्हणे."