शून्याच्या खाली

दहावीला ६४ टक्के ही फार अवघड जागा असते. ४५ पडले असते तर घरच्यांनी मुकाट्यानं आयटीआयचा फॉर्म आणला असता. ९४ पडले असते तर चौकात फ्लेक्स लागला असता. ६४ वाल्यांच्या घरात पेढे आणावेत की नाही यावरच एकमत होत नाही. आमच्याकडे शेवटी पाव किलो आणले आणि ते फक्त शेजारच्या दोन घरांत गेले. अशा गुणपत्रिकेच्या जिवावर मी ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणाले, तेव्हा वडिलांनी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाही.

थोरल्या मामांनी मात्र मनावर घेतलं. त्यांनी व्हॉट्सॲपवर जॉन गर्डन यांची गोष्ट पाठवली. ईटनच्या शाळेत अडीचशे मुलांत जीवशास्त्रात शेवटचा नंबर. या मुलानं शास्त्रज्ञ होण्याच्या गोष्टी करणं हास्यास्पद आहे, असा मास्तरांचा लेखी शेरा. त्याच गर्डनना २०१२ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल! ते प्रगतिपुस्तक त्यांनी फ्रेम करून टेबलाच्या वर लावलं. माझी गुणपत्रिका आईनंही लॅमिनेट केली होती, पण ती लग्नातल्या शालूच्या घडीत गेली आणि शालू कधी बाहेर निघत नसे. गोष्ट पाठवून दोन दिवस होतायत तोवर मामांचा पुढचा मेसेज आला : ‘डी. फार्मसीचं पण बघून ठेव.’

आमच्या भागात डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी लातूरला जायचं. ‘लातूर पॅटर्न’ हा काय प्रकार आहे, हे मागच्या बॅचमध्ये बसलेल्यालाच नीट कळतं. दर सोमवारी टेस्टचा निकाल भिंतीवर लागायचा. यादी वरून वाचणाऱ्या मुली वेगळ्या. मी खालून वाचायचे, वेळ वाचतो. पुढच्या बॅचमधल्या मुलींना सर नावानं ओळखत. आम्हाला ते ‘ए, पिवळा ड्रेस’ म्हणत आणि माझ्याकडे ड्रेस मोजकेच असल्यामुळे ते नाव टिकलं.

बारावीचे पेपर संपले आणि २०१६ चा एप्रिल उजाडला. लातूरला पाणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि मिरजेहून ‘जलदूत’ नावाची रेल्वे पाणी घेऊन येत होती. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर! मेसच्या मावशींनी ताटं बंद करून पत्रावळी सुरू केल्या. कुणाला केस धुवायचे असले तर रूममध्ये मतदान व्हायचं आणि लांब केसांची उमेदवार हमखास पडायची. त्यात २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वैद्यकीय प्रवेश यंदापासूनच देशभरच्या ‘नीट’ परीक्षेनं. राज्याची सीईटी तर आठवड्यावर, ५ मेला. सीईटी दिली आणि ती धरणार की नाही, याची वाट बघत बसलो. मग २४ मेला अध्यादेश निघाला : यंदापुरती राज्याची सीईटी चालेल. एवढ्या महिनाभरात पुढच्या बॅचच्या मुलींनी रडून रडून डोळे सुजवून घेतले. (पाणी एवढं कुठून आणलं कोण जाणे.) आमच्या बॅचमध्ये मात्र कमालीची शांतता होती. आमची दोन्ही परीक्षांची तयारी अगदी सारखी होती.

त्या सीईटीच्या निकालाबद्दल घरात अजूनही कुणी बोलत नाही. मी रिपीटर बॅचला बसले.

तिथं पहिल्याच तासाला फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर नीटचा हिशेब मांडला. प्रश्न १८०, गुण ७२०, बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला उणे एक. डोळे मिटून सगळे गोल रंगवले तर चारातला एक या हिशेबानं ४५ बरोबर, १३५ चूक, हाती उरतात ४५ गुण. पेपरावर डोकं ठेवून झोपलात तर शून्य. आणि सगळंच्या सगळं चुकलं तर उणे १८०! बोर्डानं माझं जे काही केलं होतं ते शून्याच्या वर केलं होतं. खाली उतरायला जिना आहे हे मला त्या दिवशी कळलं. वर्षभरात त्या सरांचं मला समजलेलं हे एकमेव गणित, पण तेवढ्यावर मी येत नसलेले प्रश्न सोडून द्यायला शिकले. हुशार मुलींना ते जमत नाही. त्यांना वाटतं, आपल्याला आलंच पाहिजे.

परीक्षेच्या आदल्या रात्री नाकातली चमकी निघेना. केंद्रावर दागिना चालत नाही, पूर्ण बाह्या चालत नाहीत, बूट चालत नाहीत, पेनसुद्धा तेच देतात. आईनं साबण लावला, खोबरेल लावलं, शेवटी रात्री साडेदहाला सोनाराचं दार वाजवलं. ‘कुठलं ऑपरेशन हाय काय पोरीचं?’ सोनारानं विचारलं. आई म्हणाली, ‘हुईल तिच्याच हातनं एखादं.’ तोवर माझ्याबद्दल इतकं आशावादी कुणी बोललं नव्हतं.

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या तसे मामा भाव करायला बसले. एमबीबीएस नाही? मग बीडीएस? नको, जन्मभर लोकांचे दातच बघायचे. बीएचएमएस? बीएएमएस? तिथं सौदा पटला. पहिल्याच वर्षाला संस्कृत निघालं. त्याला भिऊन मी शाळेत संपूर्ण हिंदी घेतलं होतं! अष्टांगहृदयातले श्लोक मी हॉस्टेलच्या गच्चीवर मोठमोठ्यानं म्हणायचे. खालच्या घरातल्या आजी ते स्तोत्र समजून हात जोडायच्या. माझ्या उच्चारांना असा दिलदार श्रोता पुन्हा मिळाला नाही.

आता एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीची आरएमओ आहे. रात्री दोनला आलेला माणूस टक्के विचारत नाही. मी सलाईन लावते, ऑक्सिजन बघते, ईसीजी काढते, आणि नातेवाईक माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत विचारतात, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’

मागच्या महिन्यात मामाच आले, चक्कर येते म्हणून. पट्टा गुंडाळला. १६०/१००.

‘मशीन बिघडलंय तुझं,’ मामा म्हणाले. ‘परत बघ.’

परत बघायचंच असतं. पाच मिनिटं बोलू न देता बसवलं. हे मामांच्या बाबतीत औषधापेक्षा अवघड. मग १४८/९२.

‘बघ! कमी झालं का नाही?’

‘झालं की,’ मी म्हटलं. ‘रिपीटर बॅचला होते थोडीफार सुधारणा. आता मीठ कमी करा आणि सोमवारी टेस्टला या.’