टांकसाळ कोणती?

रविवारी नक्खासच्या बाजारात पथारीसमोर उकिडवा बसून, डोळ्याला भिंग लावून कोणी जुनी चिल्लर चाळताना दिसला, तर ते आमचे नाणेकाका. जन्म साताऱ्याचा, नोकरी रेल्वेत, निवृत्तीनंतर मुक्काम लखनौतच. का, असं विचारलं तर काकू म्हणतात, "मासे." खायचे नव्हेत, अवधच्या नाण्यावरचे.

मछलीदार रुपया हे काकांचं दैवत. बनारस 1775 मध्ये नवाबाच्या हातून कंपनीकडे गेलं, तरी लखनौला पाडलेल्या रुपयावर टांकसाळ 'मुहम्मदाबाद बनारस'च. वर शाह आलमच्या राजवटीचं सव्विसावं वर्ष गोठवलेलं. बादशहा 1806 मध्ये वारला, पण रुपयावरचं त्याचं सव्विसावं काही सरेना. 1819 मध्ये गाझिउद्दीन हैदर स्वतः राजा झाला तेव्हा कुठे सुटका झाली. लखनौचं नाणं ओळखायचं ते माशावरून. गाव आणि साल दोन्ही खोटं सांगणाऱ्या या रुपयावर काकांचा पूर्ण विश्वास. संशय घ्यायला बाकीचं जग आहे.

दुकानदारानं नाणं पुढे केलं की आधी कड बघायची. कडेला जोडाची रेघ किंवा अंगावर बारीक छिद्रं दिसली, की निकाल लागला: "मियाँ, ये तो ढला हुआ है!" सराफांनी चांदी पारखायला मारलेले ठसे मात्र त्यांना गालावरच्या तिळासारखे प्रिय. सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे नाणं घासणं. एका दिवाळीत काकूंनी तांब्याच्या भांड्यांबरोबर रशियाच्या कॅथरीन राणीचं पाच कोपेकचं नाणंही चिंचेनं लख्ख केलं. पन्नासेक ग्रॅमचं ते धूड, गरुडाशेजारी एकातेरिनबुर्ग टांकसाळीची अक्षरं, आणि दोन शतकांचा काळपट थर मोरीत गेला. काका जेवत होते, बोलत नव्हते.

रिक्षावाल्यानं सुटे दिले तरी तपासणी होतेच. टांकसाळीची खूण हिरा असेल तर मुंबई, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मागे हॉर्न वाजत राहतात.

परवा भाचीला बघायला मंडळी आली. पोहे यायच्या आतच काकांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "टांकसाळ कोणती?" ते गडबडून म्हणाले, "औरंगाबाद." मुलगा तिशीतच पुढून विरळ झालेला. काकूंनी डोळे वटारले, पण काका त्याच्या टाळूकडे बराच वेळ निरखून पाहत होते.

"उंचवट्यावरच झिजलंय," ते समाधानानं म्हणाले. "म्हणजे झीज नैसर्गिक आहे. घासलेलं नाही. घेऊन टाका."